नोकरी तक्रारीने मिळते की तपासणीने?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगासारख्या सरकारी यंत्रणा साठ वर्षं भेदभावाविरुद्ध काम करत आहेत. त्यांच्यामुळे कृष्णवर्णीय कामगारांना खरोखर नोकऱ्या मिळाल्या का? की शिक्षण वाढलं, लोक दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत गेले आणि जी काही सुधारणा झाली ती त्यामुळेच झाली?

मी अमेरिकेत कंपन्यांच्या भरतीच्या नोंदी तपासण्याचं काम करतो. आधी कंपन्यांसाठी सरकारला द्यायचे अहवाल तयार करायचो, आता कामगारांच्या वकिलांना तेच आकडे उलगडून दाखवतो. माझं उत्तर आधीच सांगतो. हो, या यंत्रणांमुळे नोकऱ्या मिळाल्या आणि त्याचे पुरावे भक्कम आहेत. मात्र सगळ्या यंत्रणा सारख्या नाहीत. तक्रार येण्याची वाट बघत बसणारी यंत्रणा नोकरीवर असलेल्या माणसाला थोडंफार संरक्षण देते. दारातच अडवलेल्या माणसाला नोकरी मिळते ती कंपनीची अख्खी भरती उघडून बघणाऱ्या आणि वेळ पडल्यास सरकारी कंत्राट रोखू शकणाऱ्या यंत्रणेमुळे.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण साउथ कॅरोलिनाच्या कापड गिरण्यांचं आहे. 1915 साली त्या राज्याने कायदा केला की गिरणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही, एकाच वेळी एका दाराने ये-जा करायची नाही, एका बादलीतलं किंवा एका पेल्यातलं पाणी प्यायचं नाही. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आवारातली झाडलोट आणि गठ्ठे ओढण्याची हमाली आली. माग आणि चात्या गोऱ्यांकडे राहिल्या. पुढच्या पन्नास वर्षांत दोन महायुद्धं झाली, मंदी आली, तेजी आली, गिरण्या वाढल्या, पण कृष्णवर्णीयांचा वाटा फारसा हलला नाही. 1960 मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी हलला नाही. नोकरीत वंशभेद करायला बंदी घालणारा 1964 चा नागरी हक्क कायदा आला, 1965 मध्ये आयोग सुरू झाला आणि पाच-सहा वर्षांत हा वाटा पाच टक्क्यांच्या आतून वीस टक्क्यांच्या आसपास गेला. जेम्स हेकमन आणि ब्रूक पेनर या अर्थशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये या गिरण्यांचे आकडे जिल्हावार तपासले. शिक्षण एका रात्रीत वाढत नाही. माणसं गाव सोडून गेली म्हणून गावातल्याच गिरणीत त्यांची संख्या चौपट होत नाही. कामगारांची टंचाई होती, हे खरं आहे आणि त्याचा हातभारही लागला. पण टंचाई पूर्वीही पडली होती आणि तेव्हा दार उघडलं नव्हतं.

मुंबईत गिरणगाव पाहिलेल्या घरांना हे परकं वाटणार नाही. आपल्याकडे असा लिखित कायदा नव्हता, तरी अस्पृश्य ठरवलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागे, हे त्यामागचं कारण. विणकराचा पगार चांगला होता आणि तोच रस्ता बंद होता. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर ठामपणे मांडला. बंदी कागदावर नसली तरी ती मोडायला कुणाला तरी आत शिरून बघावं लागतं, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

आता कुणीही विचारेल की 1965 चा आयोग तर अगदीच दुबळा होता. त्याला कोर्टात दावा लावण्याचा अधिकारच नव्हता. समेट घडवायचा, पत्रं लिहायची, एवढंच त्याच्या हातात होतं. पहिल्याच वर्षी अपेक्षेच्या कितीतरी पट, जवळपास 9 हजार तक्रारी येऊन पडल्या आणि तेव्हापासून तुंबलेल्या तक्रारींचा ढीग त्याची पाठ सोडत नाही. मग गिरण्या का बदलल्या?

माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे आकडे. 1966 पासून मोठ्या मालकांना दरवर्षी एक तक्ता भरून द्यावा लागू लागला: कुठल्या दर्जाच्या कामावर कुठल्या वंशाचे किती स्त्री-पुरुष. त्या तक्त्यांच्या जोरावर आयोगाने जानेवारी 1967 मध्ये शार्लट शहरात कापड उद्योगावर जाहीर बैठक घेतली आणि कॅरोलिनांतल्या गिरण्यांचं चित्र चारचौघांत मांडलं. दुसरी म्हणजे कंत्राटं. गिरण्या सैन्याला कापड पुरवत होत्या आणि सरकारी कंत्राटदाराने भेदभाव करायचा नाही, उलट सगळ्यांना संधी मिळेल अशी पावलं उचलायची, असा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा आदेश क्रमांक 11246 सप्टेंबर 1965 मध्ये निघाला होता. तिसरी गोष्ट लोक विसरतात. अनेक मालकांना कृष्णवर्णीय कामगार हवेच होते, कारण गोरे कामगार जास्त पगाराच्या कारखान्यांकडे निघाले होते. पण घेतले तर गावातले गोरे पेटतील ही भीती होती. कायदा आल्यावर मालकाला म्हणता आलं, ‘माझ्या हातात काही नाही, सरकारची सक्ती आहे.’ यंत्रणेचं हे काम कुठल्याच अहवालात दिसत नाही. ती मालकाला धाक दाखवते आणि त्याच वेळी आडोसाही देते.

कंत्राटाचा धाक 1965 मध्ये कुणाला नव्याने सुचला नव्हता. 1941 मध्ये रेल्वेच्या शयनयान सेवकांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून महिन्यात आदेश क्रमांक 8802 काढला आणि युद्धसाहित्याच्या कारखान्यांतल्या भेदभावावर नजर ठेवायला एक समिती नेमली. समिती लहान, पैसा तुटपुंजा, शिक्षेचा अधिकार नाही. तरी 1944 मध्ये फिलाडेल्फियात काय झालं ते बघा. शहराच्या ट्रामवर आठ कृष्णवर्णीयांना चालक म्हणून शिकवायला घेतलं, ते समितीच्या पाठपुराव्यामुळे. गोऱ्या कामगारांनी 1 ऑगस्टला संप करून शहर बंद पाडलं. रूझवेल्ट यांनी सुमारे 5 हजार सैनिक पाठवले. कामावर न येणाऱ्यांना नोकरी जाईल आणि सैन्यभरतीतली सूटही जाईल अशी तंबी मिळाली. आठवड्याच्या आत संप मोडला आणि ते आठ जण ट्रामवर गेले. त्या समितीमागे त्या दिवशी सगळं सरकार उभं राहिलं म्हणून हे घडलं. युद्ध संपलं, 1946 मध्ये अमेरिकेच्या संसदेने समितीचा पैसा तोडला, आणि तिच्याबरोबर तो दबावही गेला.

कागदावरच्या अधिकारापेक्षा आयोगाची समज किती मोलाची ठरते, हे ग्रिग्स खटल्यात दिसतं. नॉर्थ कॅरोलिनात ड्रेपर या गावी ड्यूक पॉवर कंपनीचं वीज केंद्र होतं. तिथे 95 कामगार, त्यांत 14 कृष्णवर्णीय, आणि ते सगळे मजूर खात्यात. त्या खात्यातला सगळ्यात वरचा पगार इतर खात्यांतल्या सगळ्यात खालच्या पगारापेक्षा कमी होता. 2 जुलै 1965 ला नवा कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी कंपनीने चांगल्या खात्यांसाठी दोन छापील बुद्धिचाचण्या लागू केल्या. शाळा पूर्ण केल्याची अट आधीपासून होतीच. 1960 च्या जनगणनेनुसार त्या राज्यात 34 टक्के गोऱ्या पुरुषांनी शाळा पूर्ण केली होती, कृष्णवर्णीयांपैकी 12 टक्क्यांनी. कोळसा हाताळायला किंवा बॉयलरवर काम करायला ती चाचणी लागते का, हे कुणी तपासलंच नव्हतं. आयोगाने 1966 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या की चाचणीचा कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. मार्च 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, त्यांच्यापैकी दावा लावणाऱ्या तेरा कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि आयोगाच्या त्या सूचनांना मोठं वजन दिलं. मालकाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करायची गरज उरली नाही. कामाशी संबंध नसलेली अट एका समाजाला बाहेर ठेवते, एवढं पुरेसं झालं. या निकालानंतर देशभरच्या कंपन्यांना आपल्या भरतीच्या अटी पुन्हा काढून बघाव्या लागल्या. दावा लावण्याचा अधिकार नसलेल्या आयोगाने मिळवलेलं हे यश आहे.

तो अधिकार 1972 मध्ये आला. कायदा 25 ऐवजी 15 कामगार असलेल्या मालकापर्यंत खाली गेला, आणि राज्य सरकारं व महापालिकाही त्याखाली आल्या. अर्थशास्त्रज्ञ केनेथ चे यांनी नेमके हे नव्याने कक्षेत आलेले छोटे मालक अभ्यासाला घेतले आणि दाखवलं की दक्षिणेत तिथे कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या कमाईतलं अंतर आधीपासून कक्षेत असलेल्यांपेक्षा वेगाने कमी झालं. पोलीस खात्यांवर कृष्णवर्णीयांच्या भरतीचे आदेश न्यायालयांनी लादले, त्या शहरांत नव्या भरतीतला कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे 14 टक्के-बिंदूंनी वाढल्याचं जस्टिन मॅकक्रेरी यांनी मोजलं आहे. एवढा मोठा बदल मला दुसऱ्या कुठल्याही उपायातून झालेला माहीत नाही.

आता दुखऱ्या जागेकडे येतो. ज्याला नोकरी नाकारली जाते त्याला कारण कळत नाही. त्याच्यानंतर कुणाला घेतलं, त्याची पात्रता काय होती, किती जणांनी अर्ज केला, हे त्याला दिसत नाही. बहुतेकदा नकाराचं पत्रही येत नाही. तो तक्रार कशाच्या आधारावर करणार? ज्याला काढून टाकलं त्याला मात्र सगळं माहीत असतं: शेजारच्या टेबलावरचा कोण राहिला, साहेब काय बोलला, पगार किती बुडाला. म्हणून तक्रारींचा तोल झुकत गेला. जॉन डोनोह्यू आणि पीटर सीगलमन यांनी दाखवलं की 1966 मध्ये भरतीच्या तक्रारी कामावरून काढल्याच्या तक्रारींपेक्षा दीडपट होत्या. 1985 पर्यंत चित्र उलटलं आणि काढून टाकल्याच्या तक्रारी सहापट झाल्या.

इथूनच एक आक्षेप येतो आणि मी तो गंभीरपणे घेतो. कृष्णवर्णीय कामगाराला घेतलं तर उद्या काढताना दावा लागेल, न घेतलं तर कुणाला काही कळणार नाही. मग मालक घेईलच कशाला? केवळ तक्रारींवर चालणारी यंत्रणा अशी उलटू शकते. आयोगाकडे 2024 च्या आर्थिक वर्षात सगळ्या प्रकारच्या मिळून 88 हजारांवर तक्रारी आल्या आणि त्याने स्वतः दावे लावले 111. हे प्रमाण मालकही वाचतात.

तपासणी वेगळी कशी असते, ते जवळून सांगतो. सरकारी कंत्राट असलेल्या एका कंपनीचं गोदाम होतं. श्रम खात्याच्या कंत्राट-तपासणी कार्यालयाचं पत्र आलं की तीस दिवसांत भरतीचा सगळा तक्ता द्यावा लागे: अर्ज कुणाचे, कुठल्या टप्प्यावर कोण गळालं, कारण काय. आधी ढोबळ हिशेब करतात. समजा 200 गोऱ्यांनी अर्ज केले आणि 60 घेतले, म्हणजे 30 टक्के. 100 कृष्णवर्णीयांपैकी 18 घेतले, म्हणजे 18 टक्के. 18 हे 30 च्या 60 टक्केच भरतात. 1978 च्या सरकारी सूचनांनुसार हा आकडा 80 च्या खाली गेला की कान टवकारायचे. मग टप्पे सुटे करायचे. त्या गोदामात फोनवरच्या चाळणीत दोन्ही गट सारखेच पार पडत होते. गळती होती ती पाळीच्या सुपरवायझरच्या मुलाखतीत, आणि तीही एकाच पाळीत. कारणाच्या रकान्यात ओळीने एकच मजकूर होता: टीममध्ये बसणार नाही. खोदल्यावर कळलं की सुपरवायझर आधी जुन्या कामगारांचे मेहुणे-भाचे बोलावत होता आणि उरलेल्या जागांवर इतरांना बघत होता. तो कुणाचा द्वेष करत असेल-नसेल, ते मला ठरवायचं नव्हतं. ज्या पाळीत आधीपासून गोरेच आहेत तिथे ओळखीने लावलेली माणसं गोरीच येणार. उपाय साधे होते. सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे, उत्तरांना तिथल्या तिथे गुण लिहायचे, ओळखीच्या अर्जांना पुढचा नंबर द्यायचा नाही. पुढच्या तक्त्यात त्या टप्प्यावरची गळती राहिली नाही. आणि लक्षात घ्या, या सगळ्यात एकाही माणसाने तक्रार केलेली नव्हती. करणारच कशी? त्यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं.

असं घडतं हे फक्त माझं म्हणणं नाही. जोनाथन लेनर्ड यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या हजारो आस्थापनांचे आकडे बघून दाखवलं की सरकारी कंत्राट असलेल्या ठिकाणी कृष्णवर्णीयांची संख्या इतरांपेक्षा वेगाने वाढली. 1980 नंतर रेगन प्रशासनाच्या काळात तपासणीतला जोर गेला आणि हा फरकही विरला. आदेश तोच होता, कागद तेच होते, फक्त दंडुका ठेवून दिला होता. पुढे कॉनराड मिलर यांनी 1978 ते 2004 पर्यंतचे तक्ते जोडून बघितले. कंपनीला पहिलं सरकारी कंत्राट मिळाल्यानंतर पाच वर्षांत तिथला कृष्णवर्णीयांचा वाटा सरासरी 0.8 टक्के-बिंदू वाढलेला दिसला. आकडा लहान वाटेल, पण कंत्राट सुटल्यावरही वाटा वाढतच राहिला, ही त्यातली खरी बातमी आहे. कंपनी एकदा माणसं नीट पारखायला शिकली, भरतीचे नवे रस्ते तयार झाले की ती ते रस्ते सोडत नाही. मला गोदामात दिसलं ते याच्याशी जुळतं.

काही उपाय मात्र चांगल्या हेतूने केले आणि उलटले. अर्जात गुन्ह्याची नोंद विचारायला बंदी घालणारे नियम न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात आले. अमांडा अगन आणि सोन्या स्टार यांनी बंदीच्या आधी आणि नंतर मिळून सुमारे 15 हजार बनावट अर्ज पाठवले, काही गोऱ्यांत आढळणाऱ्या नावांनी, काही कृष्णवर्णीयांत आढळणाऱ्या नावांनी. जिथे तो प्रश्न अर्जात होता तिथे बंदीपूर्वी गोऱ्या नावाला कृष्णवर्णीय नावापेक्षा मालकाकडून 7 टक्के जास्त बोलावणी येत होती, बंदीनंतर 43 टक्के जास्त. माहिती काढून घेतली की मालक नावावरून अंदाज बांधतो. म्हणून एखादी माहिती लपवायला लावणारा नियम करायचा तर त्याबरोबर निकाल मोजणारा कुणीतरी हवा. वैविध्याची प्रशिक्षण-शिबिरंही मला फारशी कामाची वाटत नाहीत. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव आणि एरिन केली यांनी 708 कंपन्यांचे तीस वर्षांचे तक्ते बघितले, त्यातही शिबिरांचा परिणाम सगळ्यात फिका निघाला. विशिष्ट माणसावर जबाबदारी टाकली, त्याला आकड्यांबद्दल जाब विचारला, तिथेच फरक पडला.

आणि भेदभाव संपलेला नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. 1989 पासूनच्या अशा बनावट अर्जांच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये आला. सारख्याच पात्रतेच्या गोऱ्या उमेदवाराला सरासरी 36 टक्के जास्त बोलावणी मिळत होती आणि पंचवीस वर्षांत हे अंतर कमी झालेलं नव्हतं. कृष्णवर्णीयांचा बेकारीचा दर 1950 च्या दशकापासून बहुतेक काळ गोऱ्यांच्या साधारण दुप्पट राहिला आहे. कारखाने शहराबाहेर गेले, शाळा विषम राहिल्या, तुरुंग भरले. यातलं काहीही भरती तपासणाऱ्या कार्यालयाच्या हातात नव्हतं. म्हणून ‘मग साठ वर्षं काय केलं?’ असा जाब जेव्हा एकट्या आयोगाला विचारला जातो, तेव्हा मला तो अन्याय वाटतो.

पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी अलीकडे 108 बड्या कंपन्यांना असेच सुमारे 83 हजार बनावट अर्ज पाठवले. भेदभावामुळे कृष्णवर्णीय नावांनी गमावलेल्या बोलावण्यांपैकी जवळपास निम्मी बोलावणी फक्त सगळ्यात जास्त भेदभाव करणाऱ्या एक-पंचमांश कंपन्यांत गमावली गेली होती. सरकारी कंत्राटदारांमध्ये भेदभाव कमी आढळला. याचा अर्थ असा की कुठे बघायचं हे ठरवता येतं. थोड्या तपासनीसांनी नेमक्या कंपन्या उघडल्या तर परिणाम मोठा होईल.

नेमक्या याच वेळी हे हत्यार हातातून गेलं आहे. 21 जानेवारी 2025 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश 11246 रद्द केला, ज्याच्या जोरावर कंत्राटदारांची ही तपासणी चालत होती. एप्रिलमध्ये दुसरा आदेश आला की हेतू सिद्ध न होता फक्त परिणाम विषम दिसतो, अशी प्रकरणं केंद्रीय यंत्रणांनी मागे ठेवावीत. 1964 चा कायदा जागेवर आहे. ग्रिग्सचं तत्त्व 1991 च्या दुरुस्तीने कायद्याच्या मजकुरातच घातलं गेलं, त्यामुळे कामगार स्वतः त्यावर दावा लावू शकतो. जुन्या कंत्राटदारांनी लावून घेतलेल्या सवयी मिलर यांच्या आकड्यांप्रमाणे काही काळ टिकतील असं मला वाटतं. काळजी आहे ती नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यांची. तिथली पहिली भरती कुणी बघितली नाही तर ओळखीची साखळी त्या भरतीपासूनच सुरू होते आणि पुढे वीस वर्षं चालते.

त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या वकिलांशी सध्या याच गोष्टीवर बोलणं होतं. नकार मिळालेल्या माणसाला जाहिरातीची प्रत, अर्जाची तारीख, मुलाखत घेणाऱ्याचं नाव आणि प्रत्येक ईमेल जपायला सांगा. तक्रारीची मुदत 180 दिवसांची असते, जिथे राज्याची स्वतःची यंत्रणा आहे तिथे 300. खासगी मालकाला भरतीच्या नोंदी साधारण एकच वर्ष ठेवायचं बंधन आहे, पण तक्रार दाखल झाली की प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत त्याला त्यांना हात लावता येत नाही. तेव्हा शंका असेल तर आधी तक्रार दाखल करून टाका. अर्जदारांची ती यादी शाबूत राहिली, तर पुढे कोर्टामार्फत ती मागवता येते.